काकूंचं 'नको' आणि थांबलेली सभा

मला सभा कधीच आवडल्या नाहीत. आमच्या महाराष्ट्र मंडळाची वार्षिक सभा आली की मी हॉलच्या स्वयंपाकघरात चहाच्या थर्मासपाशी जाऊन उभी राहते. कारण आत अर्धा तास 'तुम्ही व्हा अध्यक्ष', 'छे छे, तुम्हीच व्हा' एवढंच चालतं, आणि शेवटी ज्याला व्हायचं असतं तोच होतो. हे सगळं पाठ असलेली बाई मी. तरीही एका शनिवारी मी एका कागदावर एक शब्द लिहिला आणि त्यापायी अख्खं अधिवेशन तीन तास खोळंबलं.

काही वर्षांपूर्वीपर्यंत इथे अमेरिकेत, आमच्या राज्यात, राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे मतपत्रिकेवर ठरत नसे. आसपासच्या चार-सहा गल्ल्यांतली माणसं एका सकाळी शाळेत जमत, आपापल्या उमेदवाराच्या नावाने गट करून उभी राहत, डोकी मोजली जात. त्या प्रमाणात प्रत्येक गट आपले डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी निवडून पुढच्या मोठ्या अधिवेशनाला पाठवत असे. याला इथे कॉकस म्हणतात. मला नागरिकत्व मिळून चार वर्षं झाली होती आणि बेलव्ह्यूतल्या आमच्या भागाच्या कॉकसला मी पहिल्यांदाच गेले होते, तेही मुलीने 'आई, यू ऑल्वेज कम्प्लेन, देन गो' असं सुनावलं म्हणून.

प्राथमिक शाळेचं जेवणघर होतं. लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठमोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. अध्यक्ष झाले होते दोन गल्ल्या पलीकडे राहणारे एक निवृत्त पोस्टमन. त्यांनी विचारलं, कोणाकडे पेन आहे? माझ्या पर्समध्ये होतं. अशी मी सेक्रेटरी झाले.

माझ्या उमेदवाराचा गट मोठा होता. समोरच्या गटात जेमतेम पाच माणसं, आणि त्यांत आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकू. काकू नागपूरच्या, निवृत्त शिक्षिका, सत्तरी गाठलेल्या. लेक-जावयाकडे राहायच्या आणि साडीवर स्पोर्ट्स शूज घालून रोज संध्याकाळी झपाझप चालायला जायच्या. त्या बौद्ध कुटुंबातल्या, हे मला त्यांच्या लेकीने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. आमची ओळख 'काय, बरं आहे ना?' एवढीच. त्यांनाही नुकतंच नागरिकत्व मिळालं होतं.

ज्याला बोलायचं त्याला एक मिनिट मिळत होतं. काकू उठल्या. सावकाश, एकेक शब्द ठेवत त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि प्रत्येक निवडणुकीत मला ड्युटी लागली. मी याद्या तपासल्या, लोकांच्या बोटांना शाई लावली, पेट्या सील केल्या. पण मी नेहमी टेबलाच्या आतल्या बाजूला. आज पहिल्यांदा बाहेरच्या बाजूला बसले आहे. मला फार बरं वाटतंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या गटानेसुद्धा.

त्या पाच जणांच्या वाट्याला एक डेलिगेट आला. त्यांच्यातल्या एका उंच, दाढीवाल्या बेकरीवाल्याने लगेच काकूंचं नाव सुचवलं. काकूंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नो नो, प्लीज. समबडी एल्स. समबडी सीनियर."

त्या खोलीत त्यांच्याहून सीनियर कोणीच नव्हतं.

"म्हणजे तुम्ही नकार देताय?" पोस्टमननी विचारलं. काकू हसल्या, मान जरा खाली घातली आणि ती अशी हलवली की त्यातून हो निघत नव्हतं आणि नाहीही निघत नव्हतं. पोस्टमननी बाकीच्यांकडे पाहिलं. बेकरीवाल्याचं शनिवारी दुकान, दोन विद्यार्थ्यांची परीक्षा, आणि पाचवी बाई मुलाला आणायला कधीच निघून गेलेली. घड्याळ पुढे चाललं होतं, दारात पुढच्या भागाचे लोक उभे होते. "जागा रिकामी ठेवा," पोस्टमन माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले. "शेऱ्यात लिहा, नकार दिला."

मला माहीत होतं. हे मी आज सरळ सांगते, कारण पुढे ते सगळ्यांसमोर सांगावंच लागलं. पहिलं 'नको' हे आपल्याकडे नकार नसतंच. ताटात पोळी वाढणाऱ्याला आपण 'नको' म्हणतो आणि ताट काही बाजूला घेत नाही. काकू दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत होत्या, तिसऱ्याला हो म्हणणार होत्या, आणि त्या खोलीत हे कळणारी एकटी मी होते. पण मला त्यांचा रागच आला. म्हटलं, या देशात आलात ना, मग पाहिजे तर पाहिजे म्हणा की, किती ते आढेवेढे! आणि खरं बोलायचं तर रागाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. त्यांची जागा रिकामी राहिली तर माझ्या उमेदवाराचं भलं होतं. मी लिहिलं: डिक्लाइन्ड.

पार्किंगमध्ये काकू मला शोधत आल्या. "अधिवेशनाला साडी चालेल ना गं?"

मी म्हणाले, "चालेल की, काकू."

पाहुणे म्हणून कोणीही येऊ शकतं, त्या बघायला येत असतील, अशी मी माझी समजूत घातली. मनात पाल चुकचुकली होती, पण मी मूग गिळून गप्प बसले. अधिवेशनापर्यंतच्या दिवसांत त्या मला दोनदा चालताना दिसल्या. एकदा मी मुद्दाम रस्ता ओलांडला.

अधिवेशन एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत होतं. मी माझा डेलिगेटचा बिल्ला घेऊन पाठ फिरवली, तर नावनोंदणीच्या टेबलापाशी काकू. पांढरी शुभ्र, निळ्या काठांची, कडक इस्त्रीची साडी, खाली तेच स्पोर्ट्स शूज. शेजारी लेक. टेबलावरची मुलगी तिसऱ्यांदा यादी चाळत होती आणि पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होती. यादीत काकूंचं नाव नव्हतं.

"आई, लेट इट गो ना, प्लीज," लेक म्हणत होती. "आपण घरी जाऊ. इथे उगाच सीन नको."

"थांब जरा," काकू म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "सीन कोण करून राहिलं? यादीत नाव नसलं की फॉर्म असतो. मी तीस वर्षं दिला आहे लोकांना तो फॉर्म." आणि टेबलावरच्या मुलीकडे वळून त्यांनी विचारलं, "वेअर इज द फॉर्म?"

फॉर्म होता! मुलीने खालच्या खोक्यातून काढून दिला. काकू खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला आणि फळ्यावरच्यासारख्या गोल, सुबक अक्षरात त्यांनी लिहिलं की मी निवडून आले आहे आणि माझी जागा मला मिळावी. मी खांबाआड उभी राहून हे पाहत होते. मला पळून जावंसं वाटत होतं.

थोड्याच वेळात व्यासपीठावरून घोषणा झाली. एका जागेबद्दल हरकत आली आहे. खरा प्रतिनिधी कोण हे ठरवणारी समिती तिची सुनावणी करेल. तिचा अहवाल या सभेने मंजूर करेपर्यंत इथे दुसरं कोणतंही काम होणार नाही, कारण सभेत कोण आहे हे ठरल्याशिवाय ही सभाच नाही.

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. शेकडो माणसं होती, लाकडी पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली. कोणी दोन तास गाडी चालवून आलेलं, कोणी तान्हं मूल घेऊन. दोन्ही उमेदवारांची माणसं सकाळपासून एकमेकांवर गुरगुरत होती. एका माणसाच्या एका जागेसाठी थांबायचं? आपल्याकडे म्हणाले असते, अहो, बसा त्या बाजूला, बघू नंतर! इथेही काही जणांनी उसासे टाकले. मग लोकांनी सँडविचचे डबे उघडले. एका बाईंनी लोकर आणि सुया काढल्या. माझ्या मागच्या पायरीवर एका म्हाताऱ्या माणसाने बायकोला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "एका बाईंची जागा ठरायची आहे." तो म्हणाला, "मग थांबायला हवं." आणि त्याने डोळे मिटून घेतले.

मी थक्क झाले. अजूनही तो हॉल आठवला की अंगावर काटा येतो. काकूंना तिथे एक माणूस ओळखत नव्हता. अर्ध्याहून जास्त लोकांना त्यांचं आत येणं सोयीचंही नव्हतं. तरी सगळे बसून राहिले.

माझ्याच गटातला ठाण्याचा एक मित्र माझ्याजवळ सरकला. ऑफिसात आम्ही एकाच मजल्यावर बसायचो, या सगळ्या राजकारणाची गोडी मला त्यानेच लावली होती. "ऐक, तुला आत बोलावतील," तो म्हणाला. "टेन्शन घेऊ नकोस. पुढच्या लेव्हलचं डेलिगेशन अगदी काठावर आहे यार, एकेक सीट काउंट होते. तू एवढंच म्हण, जे लिहिलंय ते लिहिलंय. त्यात खोटं काहीच नाही ना?"

खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते इतकं सोपं होतं.

सुनावणी शाळेच्या वाद्यवृंदाच्या खोलीत होती. अर्धगोलात मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चादरीने झाकलेला मोठा ढोल. समितीत तीन जण आमच्या उमेदवाराचे, तीन काकूंच्या उमेदवाराचे, आणि मधे अध्यक्ष म्हणून पांढऱ्या केसांच्या एक बाई. त्यांनी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं होतं आणि त्या इतक्या हळू बोलत की सगळ्यांना गप्प बसावंच लागे.

आधी पोस्टमन. ते बिचारे कानापर्यंत लाल झाले होते. म्हणाले, "मला तीन मुली आहेत. नाही म्हणजे नाही, हे त्यांनी मला नीट शिकवलंय. या बाई नो म्हणाल्या, मी त्यांच्या नो चा मान ठेवला." माणसाचं काय चुकलं होतं?

मग काकू. त्या उभ्या राहिल्या. त्यांना बसा म्हटलं, तरी उभ्याच राहिल्या. "मी नो म्हणाले, हे खरं आहे," त्यांनी सुरुवात केली. "माझ्या आईनं शिकवलं होतं, ताट आणि खुर्ची समोर आली की झडप घालू नये. आमच्या माणसांना हावरट म्हणायला लोक टपलेलेच असत. म्हणून आधी नाही म्हणायचं. समोरच्यानं पुन्हा विचारलं म्हणजे त्याला खरंच आपण हवे आहोत, हे कळतं. मग हो म्हणायचं."

आमच्या बाजूच्या तिघांत एक म्हातारे प्लंबर होते, जाड हातांचे. त्यांनी विचारलं, "मॅडम, आम्ही किती वेळा विचारायला हवं होतं?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "तीन."

एकजण फिसकन हसला. प्लंबर हसले नाहीत. त्यांनी समोरच्या कागदावर तो आकडा लिहून घेतला. मी पाहत होते. आयुष्यभर आपण जी सवय गमतीवारी नेली, जिच्यावर मंडळाच्या सभेत नाक मुरडलं, ती एक परका माणूस पुराव्यासारखी कागदावर उतरवून घेत होता.

अध्यक्ष बाईंनी काकूंना विचारलं, "पण मग त्या दिवशी तुम्हाला कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तरीही आपण निवडून आलो, असं तुम्हाला का वाटलं?"

काकूंनी उत्तरासाठी इंग्रजी शब्द शोधले, ते सापडले नाहीत. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तू लिहीत होतीस ना. म्हटलं, आपली मुलगी आहे, हिला कळलंच असेल. म्हणून मी निश्चिंत होते."

त्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर मी सहज झेलला असता.

"त्या काय म्हणाल्या?" अध्यक्ष बाईंनी मला विचारलं. भाषांतर करणारी दुसरी कोण होती? लेकीला बाहेर थांबवलं होतं. मी ते वाक्य इंग्रजीत केलं. शब्द सोपे होते, शाळेतल्या पोरीला जमले असते असे. तरी मला मधे दोनदा थांबावं लागलं.

मग त्यांनी माझा कागद माझ्यासमोर ठेवला. "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"तुम्ही लिहिलंत त्या क्षणी, त्या खरंच नकार देत आहेत असं तुम्हाला वाटत होतं?"

दाराच्या काचेतून माझा मित्र दिसत होता. तो मान हलवत होता, अगदी थोडी. जे लिहिलंय ते लिहिलंय, एवढं म्हटलं असतं तर मला कोणी काही विचारलं नसतं. पण बाहेर शेकडो माणसं पायऱ्यांवर बसून होती ती नेमकी या एका उत्तरासाठी. ती माणसं पाहिली नसती तर मी खरं बोलले असते की नाही, मला आजही खात्री नाही.

"नाही," मी म्हणाले. "मला माहीत होतं की त्यांना हवंय. मी विचारायला हवं होतं. मी मुद्दाम विचारलं नाही."

अध्यक्ष बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त मान डोलावली आणि मला बाहेर जायला सांगितलं. निर्णय आम्हाला सगळ्यांबरोबर हॉलमध्येच कळला. समितीने एकमताने, म्हणजे आमच्या तिघांसकट, ठरवलं होतं की नकार स्पष्ट शब्दांत हवा, तो इथे सिद्ध होत नाही, आणि शंका असेल तेव्हा माणसाला बाहेर ठेवण्यापेक्षा आत बसवावं. प्लंबरनी ते वाचून दाखवलं, अडखळत, एका हातात चष्मा धरून. मग अहवाल मताला टाकला गेला. हात वर झाले. आमच्या बाजूचेही, सगळे नव्हेत, पण इतके की मी मोजायचं सोडून दिलं. माझ्या मागचा म्हातारा जागा झाला आणि त्याने बायकोला विचारून हात वर केला.

काकू मधल्या वाटेवर एकट्या उभ्या होत्या. व्यासपीठावरच्या माणसाने माइकवरून विचारलं, "मॅडम, ही जागा तुम्ही स्वीकारता?"

मला दिसलं, त्यांचा हात सवयीने छातीकडे निघाला. प्लंबर अजून माइकजवळच उभे होते. ते अर्धवट पुढे झाले, दुसऱ्यांदा विचारायच्या तयारीत.

काकूंचा हात अर्ध्यावर थांबला. "येस," त्या म्हणाल्या, माइक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायच्या तशा आवाजात.

त्यानंतर जी टाळी पडली ती मला नीट ऐकू आली नाही, कारण मी रडत होते. सभा तीन तास उशिरा सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत चालली. पुढच्या पातळीवर एक जागा खरोखरच काकूंच्या बाजूला गेली. ती त्यांच्या मतामुळे गेली की कशी, ते मला हिशेबातलं कळत नाही. माझ्या मित्राला कळत होतं. तो पुढे बरेच आठवडे लिफ्टमध्ये मला पाहून फोन काढायचा.

मधल्या सुट्टीत मी काकूंपाशी गेले. त्या लेकीशेजारी पायरीवर बसल्या होत्या, गळ्यात बिल्ला, मांडीवर स्टीलचा डबा. माफी कशी मागायची याची मी मनात जुळवाजुळव करत होते. काकूंनी वर पाहिलं, डब्याचं झाकण काढलं आणि तो माझ्यापुढे केला. शंकरपाळे होते.

"नको, काकू," मी म्हणाले. तोंडातून आपोआप निघून गेलं.

डबा होता तिथेच राहिला. त्या माझ्याकडे बघत होत्या, शिक्षिका एखाद्या चांगल्या पण वाया जाऊ पाहणाऱ्या पोरीकडे बघते तशा.

"खरंच नको," त्यांनी विचारलं, "की आपलं नुसतंच नको?"

एवढंच विचारायला हवं होतं मी, त्या दिवशी, त्या बुटक्या बाकावर बसून. मी खाली पायरीवर बसले आणि दोन्ही हात पुढे केले.